दुपारची अर्धी रिंग

रोह्याच्या एमआयडीसीत मी ज्या केमिकल कंपनीत नोकरीला होतो, तिथे कॉम्प्युटर रूममध्ये चपला काढून जावं लागे. असा नियम कोणी लिहून लावला नव्हता. रूमच्या उद्घाटनाला मोठ्या साहेबांनी नारळ फोडायला बूट काढले, त्यांचं बघून सगळ्यांनी काढले, आणि तेव्हापासून त्या खोलीला देवघराचा मान मिळाला तो मिळालाच. बाहेर प्लांटमध्ये माणसं घामानं निथळत असायची आणि आत मी एकटा, अनवाणी, स्वेटर घालून एसीच्या गारठ्यात. मे महिन्यातसुद्धा माझ्या पिशवीत स्वेटर बघून गावाकडच्या लोकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं की ह्याला काहीतरी जुनं दुखणं आहे आणि हा लपवतो.

गाव म्हणजे पेणच्या खाडीकाठचा खारेपाट. एसटीतून वडखळला उतरायचं, पुढे टमटम मिळाली तर नशीब, नाहीतर पायी. तिथे माझा बा एकटा राहायचा. आई गेल्यावर मी त्याला रोह्याला आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत आणलं होतं. बायकोनं खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण केलं, कॉट दिली, कॉटवर पंखा दिला. पण आठवडा पुरा व्हायच्या आत बा पिशवी भरून दारात उभा. का म्हणून विचारलं तर म्हणाला, "ह्यो वारा कुठनं येतो काय समजत नाय." पंख्याचा वारा कुठून येणार, पंख्यातून येणार. पण ज्याचा जन्म खाडीच्या तोंडाशी वारा ओळखण्यात गेला त्याच्याशी वाद घालून उपयोग नव्हता. मी निमूट त्याला एसटीत बसवून दिलं.

बा गावच्या बांधाचा राखणदार होता. खाडीचं खारं पाणी भाताच्या शेतात शिरू नये म्हणून आमच्याकडे मातीचे लांबच लांब बांध असतात. उधाणाच्या भरतीला पाणी बांधाला टेकतं, आणि एखाद्या खेकड्याच्या बिळातून झिरपायला लागलं की बघता बघता बांध फुटतो. शेत एकदा खारं झालं की पुढची काही वर्षं तिथे भाताचा दाणा होत नाही. म्हणून उधाणाच्या दिवसांत राखणदार बांधावर अंतराअंतरावर बसत आणि एकमेकांना हाळी देत. एका टोकाची हाळी पुढे पुढे जात दुसऱ्या टोकाला पोचायची. यात एक गोष्ट बाहेरच्या माणसाला उलटी वाटेल. संकटात सापडल्यावर हाळी द्यायची अशी ही पद्धत नव्हती. हाळी आली म्हणजे सगळं ठीक. ज्या बाजूची आली नाही, तिकडे घमेली-फावडी घेऊन धावत सुटायचं.

"ज्याच्यावर बेतलीय त्यानं हात चालवायचा का वराडत बसायचा?" असं बा विचारायचा.

तो गावी आणि मी रोह्याला असं नक्की झाल्यावर आम्हा दोघांत जो करार झाला, तोही याच चालीचा. आमच्या आळीत फोन एकच, शेजारच्या काकीच्या दुकानात. काकी नात्यानं आमची कोणी नव्हे, पण आईच्या मागे बाची चूल पेटली की नाही हे बघणारी तीच. माझ्या रूममध्ये कंपनीनं एक डायरेक्ट लाइन दिलेली होती. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत बानं काकीकडे जाऊन माझा नंबर फिरवायचा, दोन रिंगा होऊ द्यायच्या, आणि मी उचलायच्या आत ठेवून द्यायचा. उचललाच नाही तर पैसेही पडत नाहीत. दोन रिंगा म्हणजे बा बरा आहे.

"आणि बरं नसलं तर किती रिंगा देशील?" मी विचारलं.

"बरा नसल्यावर मी कशाला रिंगा देतोय? रिंग नाय आयली तं तू ये."

"अरे पण फोन करून बोलाव की सरळ."

"मी बोलावनार नाय," बा म्हणाला. "बोलावन्यावरनं तर कोनीपन येतो."

मला तेव्हा राग आला होता. पुढे मात्र त्या दोन रिंगांची मला सवय लागली. डबा उघडून फोनच्या बाजूला बसायचं. ट्रिंग ट्रिंग झालं, थांबलं, की पहिला घास. बायको म्हणायची, लोक देवाचं नाव घेऊन जेवतात आणि आमचे हे फोन वाजला की जेवतात. एखाद्या दिवशी लाइन खराब असली, रिंग यायला उशीर झाला, की डबा तसाच पुढ्यात. दोनदा तर रिंग आली नाही म्हणून मी अर्धी रजा टाकून गावी जाऊन धडकलो. एकदा काकीच्या फोनची वायर तुटली होती. दुसऱ्यांदा बा कुणाच्या तरी साखरपुड्याला गेला होता आणि विसरला होता. मी घामाघूम होऊन दारात उभा, तर बा माझ्याकडे बघून म्हणतो, "आयलास ना? मंग बरोबर चाललंय."

आता मशीनकडे येतो. नव्वदीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. आमची जुनी मशीन सुट्टीच्या दिवशी बंद पडायची, आणि मी जाऊन बटण दाबेपर्यंत मालाच्या गाड्या गेटवर खोळंबायच्या. मुंबईच्या हेड ऑफिसात यावरून आरडाओरडा होई. म्हणून नवा सर्व्हर घेतला तेव्हा त्यात एक जादा कार्ड बसवून आलं. मुंबईहून आलेल्या इंजिनियरनं, अर्थात चपला काढून, ते मला दाखवलं. साधं हिरवं कार्ड. त्याचं काम एकच, सर्व्हरवर लक्ष ठेवणं. सर्व्हर मेला तरी कार्ड जागं राही, कारण त्याची वीज वेगळी. त्याच्याच पोटात मोडेम. मुंबईहून फोन लावला की कार्ड तो उचलायचं आणि सांगायचं, मशीन चालू आहे की बंद, आत गरम किती झालंय, पंखा फिरतोय की नाही. इथल्या पडद्यावरची अक्षरं तिथे दिसायची. मुंबईत बसून मशीन बंद करता यायची, परत चालू करता यायची.

"म्हणजे मी घरी असलो तरी चालेल," मी म्हटलं.

"तुम्ही नसलात तरी चालेल," तो हसून म्हणाला. चांगला मुलगा होता, जिभेला हाड नव्हतं एवढंच.

त्या कार्डाला स्वतंत्र वीज दिली, ते झालं. मग त्यानं विचारलं, फोनची लाइन कुठली द्यायची? रूममध्ये लाइन एकच. मी मॅनेजर साहेबांकडे गेलो, दुसरी लाइन मागितली. ते म्हणाले, टेलिफोन खात्यात अर्ज टाकलाय, मिळेल तेव्हा मिळेल, तोवर हीच द्या. गेटवर फोन होता, पण तिथला वॉचमन पहिल्या रिंगला उचलून कंपनीचं नाव खणखणीत सांगायचा. त्याला थांब म्हणणार कोण? मला आमच्या प्लांटमध्ये साधी खुर्ची बदलून मिळायला सहा अर्ज करावे लागायचे, आणि ह्या चिमुकल्या कार्डाला आल्याआल्या वीज आणि फोन. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते असं.

शेवटी मी त्या इंजिनियरलाच बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. दोन रिंगांचं. तो हसला नाही. म्हणाला, "माझी आईपण साताऱ्याला एकटी असते." आणि त्यानं कार्डाला सांगून ठेवलं की चार रिंगा झाल्याशिवाय उचलायचं नाही. बाच्या दोन रिंगा सुखरूप राहिल्या. मुंबईचा फोन आला तर चार रिंगा व्हायच्या, मग कार्ड उचलायचं आणि रूममधल्या फोनमधून चिरका आवाज यायचा. मला नुसत्या ऐकण्यावरून कळायचं, बा कुठला आणि मुंबई कुठली.

त्या रविवारी गावी गेलो तेव्हा बाला मी हे सगळं रंगवून सांगितलं. मशीन मेली तरी ते कार्ड जागं असतं, मुंबईहून कुणी विचारलं तर उत्तर देतं.

बा जाळं विणत बसला होता. "मंग तुला कशाला ठेवलाय?" म्हणाला.

काकी खोखो हसली. मलाही हसू आलं, पण थोडं लागलंही.

असं वर्षभर नीट चाललं. दुसऱ्या लाइनचा अर्ज टेलिफोन खात्यात आणि माझा डबा फोनजवळ. मग तो साताऱ्याचा मुलगा नोकरी सोडून कुठेतरी परदेशी गेला आणि त्याच्या जागी मुंबईत दुसरा कोणी आला. मी त्याला कधी पाहिलं नाही. फोनवरचा आवाज तेवढा ऐकला.

भाद्रपद संपत आला होता. पेणच्या कारखान्यांतले गणपती कधीच घरोघरी पोचून विसर्जनही झाले होते आणि खारेपाटात भात पोटरीला आलं होतं. एका सोमवारी मी डबा उघडून बसलो, फोन वाजला आणि एक रिंग पुरी व्हायच्या आत कार्डानं उचलला. चिरका आवाज आला, मग शांत. थोड्या वेळानं पुन्हा तसंच, अर्धी रिंग आणि किंचाळी. या वेळी किंचाळी जरा जास्त चालली. मी मुंबईला फोन लावला. नवा माणूस म्हणाला, "हो, आम्ही आता पहिल्या रिंगवर ठेवलंय. चार रिंगा थांबण्यात वेळ जातो."

"कधी केलंत?"

"आज सकाळी. इथूनच."

कोणी आलं नाही, कोणी चपला काढल्या नाहीत, मला कोणी विचारलं नाही. मी म्हटलं, घरगुती कारण आहे, परत चारवर करा. तो बघतो म्हणाला. आपल्याकडे बघतो म्हणजे काय, हे सांगायला नको.

पण मी मनाची समजूत घातली. दोन रिंगांची अर्धी झाली, होऊ दे, येते तर आहे. पहिल्या वेळी कापली गेली म्हणून बानं दुसऱ्यांदा लावला असणार, म्हणून दोनदा वाजलं. मंगळवारी दुपारी एकदाच वाजलं. अर्धी रिंग, किंचाळी, शांत. बाला कळलं, एकदा लावला तरी पोचतो, असं वाटून मला हसूसुद्धा आलं. मी जेवलो. बुधवारी तेच. गुरुवारी तेच. रविवारी जाईन तेव्हा त्याला सगळं समजावून सांगू असं ठरवलं होतं.

रूममधला फोन आता कार्डच उचलायचं, म्हणून गुरुवारी संध्याकाळी मुंबईचा फोन गेटवर आला, मला बोलावून घेतलं. सर्व्हरच्या आतली उष्णता जरा वाढलेली दिसतेय, एसी बघा. मी धावत गेलो. एसीची जाळी धुळीनं भरली होती, ती काढून धुतली, पुसली, लावली, आणि मशीन गार होईपर्यंत तिच्याजवळ बसून राहिलो. हे आठवलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. त्या वेळी माझा बा तिकडे तापानं फणफणला होता.

शुक्रवारी सकाळी फोन एकदा अर्धवट वाजला, मला वाटलं मुंबई. परत वाजला, परत मुंबईच वाटलं. त्यानंतर काही वेळानं गेटवरून निरोप आला की गावचा माणूस आलाय. काकीचा जावई होता, मोटारसायकलवर. "बाबांना पेनच्या दवाखान्यात नेलाय," एवढंच म्हणाला आणि गाडीला किक मारली. मी कॉम्प्युटर रूममध्ये चपला विसरलो होतो हे नागोठण्याच्या पुढे गेल्यावर लक्षात आलं. निडी कधी गेली, गडब कधी गेलं, मला सांगता येणार नाही. वाटेत मी त्याला तीनतीनदा विचारत होतो की अरे काल तर रिंग आली होती. वाऱ्यात त्याला ऐकू येत नसावं.

आम्ही पोचण्याआधी बा गेला होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात काकी बसलेली होती. तिनं माझे अनवाणी पाय पाहिले, मग तोंडाकडे पाहिलं. "आता आयलास रं पोरा?" म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. त्यापेक्षा तिनं मुस्कटात मारली असती तर बरं झालं असतं.

काय झालं ते मला तिनंच सांगितलं, सगळं आटोपल्यावर, घरी, बाच्या रिकाम्या बाजेजवळ बसून. सोमवारी दुपारी बा रिंग द्यायला आला, आणि फोनमधून शिटी वाजली म्हणून दचकून ठेवून दिला. "पोराची मशीन शिट्या मारते," असं म्हणत हसत गेला. त्याच दिवशी उधाणाच्या भरतीला बांधाला एक बीळ पडलं. बा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून गवत आणि चिखल कोंबत राहिला. बांध वाचला. मंगळवारी अंगात ताप. बानं तो अंगावर काढला, त्याची तशी खोडच होती. काकी पेज घेऊन गेली तर दोन घास खाऊन आडवा झाला. ती म्हणाली, तुमच्या पोराला फोन करू का?

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"बोलला, नको गो वयनी. आज रिंग गेली नाय. त्याला समजला आसंल. निघाला आसंल तो."

बुधवारीही ती म्हणाली, कळवू का. बुधवारीही तेच उत्तर. गाडी मिळाली नसेल, साहेबानं सोडलं नसेल, पण त्याला समजलंय. दार लावू नको, म्हणाला, रात्री-अपरात्री आला तर. गुरुवारी बोलणं तुटक झालं तरी दाराकडे मान करून पडला होता. मोटारीचा आवाज आला की डोळे उघडायचा. शुक्रवारी सकाळी काकीनं त्याचं न ऐकता माझा नंबर फिरवला. तिच्याकडे तेवढा एकच नंबर होता. फोनमधून किंचाळी आली. ती त्या किंचाळीला सांगत राहिली, अरे तुझ्या बापसाला बरा नाय, ये. परत लावला, परत सांगितलं. मग जावयाला धाडलं.

"पण काकी, रिंग येत होती," मी म्हटलं. "रोज येत होती. मंगळवारी, बुधवारी, काल. दुपारी, त्याच वेळेला."

काकीनं माझ्याकडे पाहिलं. "कोनी दिली?"

मी एवढंच म्हणू शकलो की शपथ घेतो, येत होती.

गावाला तोंड असतं. आधी कुजबूज झाली की पोरगा साळसूद बनतोय, बाप मरायला टेकला तरी फिरकला नाही आणि आता रिंगा सांगतो. मग काकीनंच त्याला दुसरं वळण दिलं. माझ्यावर तिचा विश्वास होता, आणि बा बाजेवरून उठला नव्हता हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. दोन्ही खरं असेल तर त्याचा अर्थ एकच निघत होता. बाचा जीव माझ्यात अडकला होता, शरीर उठेना म्हणून जीवच जाऊन रिंग देत होता, पोराला घोर लागू नये म्हणून. दहाव्याला कावळा पटकन शिवला तेव्हा तर सगळ्यांची खात्रीच पटली. म्हातारे येऊन माझ्या पाठीवर हात ठेवून सांगायला लागले, बापूस असावा तर असा.

मी शिकलेला माणूस. मोडेम म्हणजे काय हे मला कळत होतं. तरी खोटं कशाला बोलू, मला ते हवं होतं. दिवसभर मी त्याला नाकं मुरडत होतो आणि झोपताना तेच उशाशी घेत होतो. बा माझी वाट बघत गेला, ह्यापेक्षा बा मला धीर देत गेला, हे सोसायला सोपं होतं.

तेरावं झालं आणि मी कामावर गेलो. माझ्या चपला रूमच्या दाराशी कुणीतरी नीट जोडून ठेवल्या होत्या. दुपारी बायकोनं दिलेला डबा उघडायची इच्छा नव्हती, तरी सवयीनं फोनजवळ जाऊन बसलो. आणि फोन वाजला. अर्धी रिंग, किंचाळी, शांत.

त्या एका क्षणात मी बाला हाक मारली. मोठ्यानं. रूममध्ये मी एकटाच होतो ते बरं. डोळ्यांना धारा लागल्या, आणि वाटलं, गाव म्हणतं ते खरं आहे. मग हळूहळू डोकं थाऱ्यावर आलं. मी मुंबईला फोन लावला आणि विचारलं, आत्ता तुम्ही लावला होता का?

"आम्ही नाही, इथला कॉम्प्युटर लावतो," तो आवाज म्हणाला. "रोज लंचच्या वेळी. तेव्हा लाइन मोकळी असते ना. तुमच्या कार्डाला विचारतो सगळं ठीक आहे का, आणि ठेवून देतो. आम्हाला काही करावं लागत नाही."

"कधीपासून?"

"पहिल्या रिंगवर केलं ना, त्या सोमवारपासून. का? काही प्रॉब्लेम झाला का?"

नाही म्हटलं आणि ठेवला. त्या माणसावर ओरडायचं म्हणून मी शब्द जुळवत होतो, पण त्याचं तरी काय चुकलं होतं? सोमवारी दोनदा वाजलं होतं, त्यातली एक बाची आणि एक मुंबईची. मंगळवारपासून एकच उरली, आणि मी उरलेली बाची समजलो. बानं शब्द पाळला होता. बरं नव्हतं, तर त्यानं रिंग दिली नव्हती.

बाचं मासिक श्राद्ध आलं तेव्हा गावी गेलो. गावाला काही सांगायचं नाही असं ठरवून गेलो होतो. लोकांच्या मनात बा मोठा झाला होता, त्याला कशाला हात लावा? पण जेवणं झाल्यावर काकी माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच विचारलं, "आता येते का रं रिंग?" तिचे डोळे असे लागले होते की माझ्याच्यानं खोटं बोलवेना.

"येते," मी म्हटलं. "पण ती बाची नाही. तेव्हाही नव्हती. ती मुंबईहून येते."

"मुंबईला आपला कोन हाय?"

"कोणी नाही. तिथे एक मशीन आहे. ती रोज माझ्याकडच्या मशीनला फोन लावते."

काकीनं पदरानं तोंड पुसलं.

"फोन लावून काय बोलते?"

"बरी आहेस का, असं विचारते."

"नि आपली काय सांगते?"

"बरी आहे म्हणून सांगते."

तिनं बाच्या रिकाम्या बाजेकडे मान वळवली. मग म्हणाली, "तो हितं दाराकडं मान करून पडला व्हता, तवापन ती बरी व्हती?"

"व्हय काकी," मी म्हटलं. "ती बरी होती."